नोटेवरचा पूल
युरोची नोट उलटून पाहा. मागे पूल दिसतो, पण तो कल्पनेतून काढलेला. खरा पूल छापला असता, तर तो कुणा एकाच देशाचा ठरला असता. (पुढे नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे गावानं नोटांवरचे हे कल्पित पूल खरोखर बांधलेसुद्धा!) सामाजिक रचनावादी अभ्यासक अशा खुणा बारकाईनं वाचतात. देश केवळ नफा-तोटा पाहून एकत्र येत नाहीत. एकत्र बसता-बोलता ‘आपण कोण’ याचं उत्तरच बदलत जातं, असं ते मानतात.

२००४ मध्ये १० देश युरोपीय संघात आले. हिशेबी डावपेच आणि रचनावाद यांची सांगड घालणारे अभ्यासक फ्रँक शिमेलफेनिग याचं जे कारण देतात, ते मला फार पटतं: लोकशाही युरोप एक आहे, असं वर्षानुवर्षं जाहीरपणे म्हटल्यावर नाखूश सरकारांनाही पूर्वेकडच्या शेजाऱ्यांना दाराबाहेर ठेवणं अवघड झालं.