विलायतेत नादारीचा अर्ज करण्यापूर्वी

आपल्या मॉरिशसमधून नर्सिंगसाठी विलायतेस गेलेल्या अनेकांची मुले आता तिथेच घरदार करून आहेत. त्यांच्यापैकी कोणी कर्जात बुडाला, तर इकडे आजी-आजोबांना सर्वांत शेवटी कळते. लाज आड येते. म्हणून तिथल्या नादारीच्या कायद्याविषयी आम्ही थोडे लिहितो. हे इंग्लंड-वेल्सपुरते, स्कॉटलंडचा कायदा निराळा.

तुरुंगाची भीती नको. डिकन्सच्या वडिलांना १८२४ साली कर्जापायी मार्शल्सीत कोंडले होते, पण १८६९ च्या कायद्याने ती रीत बहुतेक मोडली. आज अर्जास ६८० पौंड पडतात आणि सहसा वर्षभरात माणूस बहुतेक देण्यांतून मोकळा होतो. विद्यार्थी-कर्ज व कोर्टाचा दंड मात्र सुटत नाहीत. स्वतःचे घर असल्यास त्यातला वाटा जाऊ शकतो.

आणि जामीन राहिलेला मेहुणाही सुटत नाही! सावकार त्याच्या दारी जातो. नात्याखातर डोळे मिटून सही देणारी आपली माणसे. तेव्हा अर्जाआधी हे घरात बोललेच पाहिजे, असे आम्हांस वाटते.

ज्याचे घर नाही, शिल्लक जेमतेम आणि देणे ५०,००० पौंडांच्या आत, त्याच्यासाठी २००९ पासून ‘डेट रिलीफ ऑर्डर’ आहे; एप्रिल २०२४ पासून तिची फीही माफ झाली. शिवाय २०२१ पासून साठ दिवस तगादा थांबवून घेता येतो. दोन्हींसाठी मान्यताप्राप्त कर्ज-सल्लागार लागतो. ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’मध्ये सल्ला फुकट मिळतो, न उघडलेली पाकिटे तशीच पिशवीत घालून नेली तरी चालते.