धाप लागते तेव्हा ताटाकडेही बघा

आमच्या सासूबाईंच्या दुखण्याला आम्ही वर्षानुवर्षं नुसतं ‘दमा’ म्हणायचो. डॉक्टर त्याला ‘सीओपीडी’ म्हणतात, हे मला गेल्या थंडीत कळलं. त्यांनी जन्मात विडी ओढली नाही. पण तीस वर्षं कोंदट स्वयंपाकघरात चूल फुंकली. तो धूरही या रोगाचं मोठं कारण आहे.

डिसेंबरात सर्दीचं निमित्त होऊन दुखणं उसळलं. “जेवलं की धाप लागते गं,” म्हणून त्या ताट परत करायच्या. मीही म्हटलं, बरं वाटलं की जेवतील. चार दिवस चहा-बिस्किटांवर गेले. इथेच माझं चुकलं!

पाचव्या दिवशी दवाखाना गाठला. ऑक्सिजन, नेब्युलायझर, इंजेक्शनं सुरू झाली. घरघर कमी झाली, पण श्वास ओढायचं त्राणच नव्हतं. सोडियम-पोटॅशियम ठीक होतं. मग डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं फॉस्फेट तपासायला सांगितलं. ते निघालं 1.3. मोठ्या माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम हवं.

त्यांनी समजावलं, “ताई, छातीखालचा श्वासपटल हाही एक स्नायूच. त्याला लागणारी शक्ती शरीरात फॉस्फेटवाचून तयार होत नाही.” 1985 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी श्वासयंत्रावरच्या आठ रुग्णांना शिरेतून फॉस्फेट दिलं, तेव्हा श्वासपटलाचा जोर वाढलेला दिसला होता. फॉस्फेट फार उतरलं, तर रुग्णाला यंत्रावरून काढणंही अवघड जाऊ शकतं.

ते उतरतं कशानं? उपासमारीनं, आणि उपाशी माणसाला एकदम ग्लुकोज किंवा भरपूर गोड दिल्यानंही. दम्याचे पंप, स्टेरॉइड, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही अ‍ॅसिडिटीची औषधं यांनीही घटतं. म्हणून घाबरून पंप बंद करू नका हं! पंपावाचून धाप वाढेल. औषधांची यादी मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा.

सासूबाईंना सलाइनमधून फॉस्फेट दिलं, रोज तपासणी केली. अर्थात फुप्फुसाचा रोग त्यानं जात नाही, आणि सगळ्यांच्याच थकव्याचं कारण हे नसतं. पण विचारायला काय हरकत आहे, “डॉक्टर, फॉस्फेट बघितलंत का?” नेहमीच्या तपासणीत ते बरेचदा नसतं.

मैत्रिणींनो, दूध, दही, अंडी, मासे, डाळी, शेंगदाणे यांत फॉस्फरस भरपूर असतो. एकदम पोटभर न वाढता दोन-दोन तासांनी थोडं थोडं द्या. बरेच दिवस पोटात काही नसेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार वाढवा. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर फॉस्फेट उलट वाढलेलं असू शकतं. म्हणून मनानं गोळ्या आणू नका. ओठ निळसर झाले, बोलताना शब्द तुटू लागले किंवा माणूस गुंगीत गेलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आता सासूबाई सकाळी मऊ मुगाची खिचडी खातात, दुपारी वाटीभर दही-भात. तरी ताट परत आलं की मी विचारतेच, “आई, किती घास पोटात गेले?”