टुडुंग! संगणक वाजला. कोण आलंय?

घरात पेनड्राइव्ह आहे ना? त्याच्या चपट्या तोंडात डोकावून बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. अजून नीट निरखा बरं. कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा थोड्या लांब आहेत! कशासाठी?

कडेच्या पट्ट्यांतून वीज येते, मधल्या दोघी निरोप नेतात-आणतात. पेनड्राइव्ह संगणकाला लावताना लांब पट्ट्या आधी टेकतात. म्हणजे आधी वीज, मग बोलणं. पाहुण्याला आधी पाणी, मग विचारपूस, अगदी आपल्या घरासारखंच!

मग संगणक पाहुण्याला 1 ते 127 मधला एक नंबर देतो आणि विचारतो, “तू कोण?” पाहुणा दोन आकडे सांगतो. एक त्याला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्याच्या मॉडेलचा. नाव-गाव कळलं, पण पाहुण्याची भाषा? त्यासाठी लागतो दुभाष्या. तोच ड्रायव्हर! हा गाडी चालवत नाही, हा एक प्रोग्रॅम असतो. माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह यांची भाषा ठरलेली असते, म्हणून त्यांचे दुभाषे संगणकात आधीपासूनच असतात. प्रिंटर किंवा स्कॅनरची बोली मात्र कधीकधी अगदी वेगळी असते.

पूर्वी माऊसचं भोक वेगळं, प्रिंटरचं वेगळं असायचं. सगळ्यांना एकच दार देणारी यूएसबी 1996 मध्ये आली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि इंटेलमधले त्यांचे सहकारी, यांचा त्यात मोठा वाटा आहे.

आणि प्रिंटर चाललाच नाही तर? आता आपण गुप्तहेर! गप्पा कुठल्या पायरीवर थांबल्या, ते शोधायचं.

टुडुंग वाजलंच नाही? मग कदाचित पाणीच पोचलं नसेल. प्रिंटरचं बटण चालू आहे का बघा, केबल बदला, किंवा डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला लावून बघा. मागची दारं थेट मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरच असतात. पुढच्या दारांपर्यंत डब्याच्या आतून वायर न्यावी लागते, आणि ती सैल झालेली असू शकते.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ दिसतंय? म्हणजे विचारपूस अर्धवट राहिली. केबल काढा, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, दुसऱ्या दारात लावा.

तिथेच प्रिंटरच्या नावाशेजारी पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह आहे? त्यावर दोनदा क्लिक करा. तिथे ‘कोड 28’ लिहिलेलं असेल, तर दुभाष्याच आलेला नाही! मोठ्यांना सोबत घेऊन कंपनीच्याच वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवा. भलत्याच ठिकाणाहून घेऊ नका हं, दुभाष्याच्या वेषात चोरही येतात!

आता तो पेनड्राइव्ह लावा बघू.

टुडुंग!

पाणी, विचारपूस, दुभाष्या... तेवढ्यात सगळं झालंसुद्धा!