घरबसल्या क्लास : फी भरण्यापूर्वी घरची तयारी पाहा



उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, की त्या पैशाला दहा वाटा फुटतात. सोसायटीचे कर्ज आधीच वळते झालेले असते. उरलेल्यात खत, दवाखाना, लग्नकार्य. आता त्यात आणखी एक वाट निघाली आहे, मुलांच्या ऑनलाइन क्लासची. कारखान्यावर येणारे सभासद आम्हांला हल्ली हटकून विचारतात, "पोरगं म्हणतंय मोबाइलवर क्लास लावतो. लावू का?"

एका सभासदांनी हप्त्यातून अशी फी एकरकमी भरली. तिसऱ्या आठवड्यानंतर पोराने क्लास उघडलाच नाही. पोरगा आळशी नव्हता. लाइटची पाळी रात्रीची, दारं धरायला तोच जायचा आणि क्लासही रात्री आठचा! तेव्हा दोष पोराचा नाही, क्लासचाही नाही. आधी हिशेबच कोणी केला नव्हता. पैसे गेले ते गेलेच, पण "आपल्याला शिक्षण जमत नाही" ही समजूत त्या पोराच्या मनात बसली. हे नुकसान मोठे आहे.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाइलवरचे शिक्षण आपल्या घराघरांत आले. तेव्हापासून अनेकांना वाटते, मोबाइल आहे म्हणजे तयारी आहे. आम्ही म्हणतो, मोबाइल हे नुसते बेणे झाले. बेणे कितीही चांगले असले तरी रान तयार नसेल तर लागण करून काय उपयोग?

तास कुठून काढणार?

एक उदाहरण घेऊ. आयआयटी आणि बंगलोरची आयआयएससी या संस्थांनी चालविलेले 'एनपीटीईएल'चे अभ्यासक्रम साधारणपणे ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सुमारे ३० तासांची व्याख्याने असतात. म्हणजे आठवड्याला अडीच तास नुसते ऐकण्याचे. समजले नाही ते पुन्हा ऐकणे, वहीत उतरवणे, गृहपाठ करणे यासाठी आणखी तेवढाच वेळ धरावा. आठवड्याचे पाच तास झाले. ते तोडीच्या दिवसांत निघतील का? रात्रपाळीच्या पाण्यात निघतील का? हे घरात बसून आधीच ठरवावे.

गृहपाठाला तारीख असते. तारीख गेली की गुण गेले. गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळवावे लागतात. ही परीक्षाही घरी बसून नसते, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. 'घरबसल्या' या शब्दाने फसू नये.

विचारणारे कोणी नाही

मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ज्ञानयाग शिबिराला आपले सभासद जातात. तिथे सोबत चार गावचे शेतकरी असतात. एखादा दांडी मारायला लागला तर शेजारचा हटकतो. मोबाइलच्या क्लासात गैरहजर राहिले तर हटकणारे कोणी नसते. स्वतःच स्वतःचा मास्तर व्हावे लागते. ज्याला हे जमत नाही त्याने घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावे, "रोज मला विचारत जा."

सुनेने किंवा मुलीने क्लास लावला असेल तर तिचा तास घरच्यांनी राखावा. क्लास चालू असताना "जरा चहा टाक" म्हणणे म्हणजे भरलेली फी चुलीत घालणे आहे!

आधी माती तपासा

केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर २०१७ पासून असे अभ्यासक्रम मिळतात. नाव नोंदवून शिकणे फुकट आहे, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. तेव्हा मोठी रक्कम भरण्याआधी इथे दोन आठवडे शिकून पाहावे आणि पुढील प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत.

१. ठरलेला तास दहा दिवस तरी पाळला का?
२. शिवारात नव्हे, घरात रेंज मिळते का? मोबाइल एकट्याचा आहे की तिघांत एक?
३. व्याख्यानाची भाषा समजते का? अडले तर विचारायला कोणी आहे का?
४. हे शिकून नेमके काय करायचे आहे?

चारही उत्तरे मनासारखी आली तर खुशाल फी भरा. पदवीचा अभ्यासक्रम असेल तर त्याला युजीसीची मान्यता आहे का ते अगोदर पाहा. "आजच भरा, उद्या सवलत नाही" असे फोनवर कोणी म्हणाले तर दोन दिवस थांबा. हप्त्याच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

उत्तरे तशी आली नाहीत तरी खचू नका. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून छापील पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे यांच्या आधारे कामकरी माणसांना शिकवीत आहे. पडद्यापेक्षा पुस्तक बरे वाटणाऱ्यांना ती वाट आहेच. आणि आज तयारी नसेल तर तोड उरकल्यावर होईल. वाफसा येईपर्यंत थांबणारा शेतकरी आळशी नसतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.