दगडाला पत्ता हवा

मराठवाड्याच्या काळ्या बेसॉल्टमध्ये जागोजागी पोकळ्या आहेत. त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत, साचत अकीक, कॅल्सेडनी, जास्पर तयार झाले. खडक झिजला, हे कठीण दगड मात्र टिकले आणि नद्यांनी ते काठाला आणून टाकले.

माणसाने त्यांचं मोल फार लवकर ओळखलं. नेवाशात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केलं. तिथल्या मध्य पुराश्मयुगातल्या तासण्या आणि छिलके अशाच दगडांचे आहेत. पुढे सातवाहनांच्या पैठणचा अकीक परदेशी व्यापाऱ्यांनाही ठाऊक होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोचला गाड्या भरभरून अकीकाचे दगड जात असल्याची नोंद आहे.

त्यामुळे या भागात नांगराच्या तासात एखादं पातं, पांढरीच्या टेकाडाखाली पावसाने आणलेला एखादा मणी मिळणं नवलाचं नाही. अशी वस्तू घरात मांडायची तर आधी वही, मग चौकट. गाव, गट क्रमांक, तारीख, वस्तू जमिनीवर मिळाली की खोदताना, कुणाला मिळाली, हे त्याच दिवशी लिहावं. ही माहिती गेली की हजारो वर्षांपूर्वीचं हत्यार नुसता देखणा खडा होऊन बसतं.

वस्तू माणसाने घडवलेली आहे का, हे छिलक्याची आतली बाजू सांगते. घाव बसला तिथे लहानशी सपाट जागा, तिच्याखाली फुगीर उंचवटा आणि तिथून पाण्यात खडा टाकावा तशा पसरलेल्या लहरी दिसतात. या खुणा उजेड समोरून पडला की पुसट होतात. म्हणून मांडणीत प्रकाश बाजूने, तिरपा हवा. घावाची बाजू खाली आणि टोक वर, अशी ठेवण अभ्यासकांच्या रेखाचित्रांत असते. तीच घरीही पाळावी.

फ्रेम खोल पेटीसारखी करून घ्यावी आणि काच दगडाला टेकू देऊ नये. तळाला पांढरा पॉलिथिलीन फोम घालून त्यात वस्तूच्या आकाराची, किंचित घट्ट खाच कापावी. गोंद किंवा एम-सील अजिबात वापरू नये. पात्याच्या धारेवर गवत, लाकूड किंवा कातडं कापल्याच्या सूक्ष्म खुणा असतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतात. चिकटवलेल्या धारेवर त्या हाती लागत नाहीत. अॅसिडने धुणं आणि पॉलिश करणं याच कारणाने टाळावं. जड हातकुऱ्हाड भिंतीवर टांगण्यापेक्षा कपाटात आडवी ठेवलेली बरी.

क्रमांक थेट दगडावर लिहू नये. नजरेत न येणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ चा पातळ थर द्यावा, तो वाळला की शाईने आकडा आणि वर पुन्हा एक थर. हा लेप अॅसिटोनने निघतो. तोच आकडा वहीत आणि फ्रेमच्या मागच्या चिठ्ठीवर असावा.

कायद्याचंही भान हवं. संरक्षित स्थळावरून काहीही उचलायचं नाही. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. परदेशातल्या लेकाला भेट म्हणूनही ती धाडता येत नाही.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठणचे बाळासाहेब पाटील यांनी हौसेने, जिद्दीने जमवलेल्या संग्रहांतून त्यांच्या नावाची शासकीय संग्रहालयं उभी राहिली. एका माणसाची आवड सगळ्या मुलखाच्या उपयोगी पडली. आपल्या घरचा संग्रह लहान असेल, पण त्याची वही नेटकी असेल तर तोही अभ्यासकांच्या कामाचा आहे. यंदा दिवाळीला घर आवरताना कपाटातले असे दगड बाहेर काढा, वडीलधाऱ्यांना ते कुठे मिळाले हे विचारा आणि लिहून ठेवा. सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच हे काम होईल.