नानांचं पथ्य आणि डब्यातली पावडर

आज मी बचतीचा हिशेब सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांच्या एका आजाराबद्दल, प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल. त्या आजारात खाण्यापिण्याने आणि बाजारातल्या पावडरींनी काय होतं आणि काय होत नाही, ते सांगते. यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती लपवली तर या बोलण्याला अर्थ राहणार नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, एकाहत्तर वर्षांचे. रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठायचे. आम्हाला वाटलं, वय झालं. मग कंबर दुखायला लागली, तेव्हा वाटलं, शेतातलं काम. शेवटी रक्ताची पीएसए नावाची तपासणी झाली, नंतर तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि तो हाडापर्यंत गेला होता.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढलं की ती बऱ्याच जणांची वाढते. त्यामुळे लघवी अडखळते, धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. प्रत्येक वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधी लक्षात घ्या. पण वाढ साधी आहे की कर्करोगाची, हे घरी बसून कळत नाही. तपासावंच लागतं.

नानांना दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. त्याच्या जोरावर हा कर्करोग वाढतो. इंजेक्शन ते संप्रेरक तयार होणं थांबवतं, म्हणजे रोगाची रसद तोडतं. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ साली ही गोष्ट दाखवून दिली आणि त्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आजार मुळापासून जातोच असं नाही, पण बऱ्याच जणांच्या बाबतीत तो पुष्कळ काळ ताब्यात राहतो.

आता माझी चूक. घरात आजार कळला की सल्ले चालत येतात. एका पाहुण्याने पावडरीचा डबा आणला. डबा २,८०० रुपयांचा, महिन्याला दोन लागायचे. वर ९०० रुपयांच्या कॅप्सूल. महिन्याचे झाले ६,५०० रुपये. तीन महिन्यांसाठी मी गटातून १५,००० रुपये अंतर्गत कर्ज उचललं, शेकडा दोन रुपये व्याजाने. कारणाच्या रकान्यात माझ्याच हाताने ‘औषधोपचार’ लिहिलं. उरलेल्यासाठी एक शेळी विकली. सोबत पथ्याचा कागद होता : दूध बंद, डाळ बंद, अंडी बंद, तेल बंद. खाली लिहिलेलं, पावडर चालू असताना इंजेक्शनची गरज नाही. नानांनी इंजेक्शनची तारीख चुकवली. मीही जोर केला नाही.

पाच आठवडे उशिरा आम्ही दवाखान्यात गेलो. नानांचं वजन सहा किलोने उतरलं होतं आणि पीएसए वाढला होता. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, पुढच्या वेळी सगळे डबे घेऊन या. कॅप्सूलच्या बाटलीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “ताई, हे व्हिटॅमिन ई कशासाठी देताय?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते तुम्हाला सांगते.

२००१ साली अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथे ३५,००० हून जास्त निरोगी पुरुषांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. काहींना व्हिटॅमिन ई दिलं, काहींना सेलेनियम, काहींना दोन्ही आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे बघायचं होतं. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे २०११ मध्ये हिशेब मांडला तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये कर्करोग १७ टक्के जास्त निघाला. सात वर्षांत कोरी गोळी घेणाऱ्या हजारांत ६५ जणांना झाला, तर व्हिटॅमिन ई घेणाऱ्या हजारांत ७६ जणांना. जी गोळी ताकदीची म्हणून घेतली, तिनेच धोका वाढवला.

दुसरी गोष्ट पीसी-स्पेस नावाच्या अमेरिकेतल्या कॅप्सूलची. आठ वनस्पतींचं मिश्रण म्हणून ती विकली जायची. घेणाऱ्यांचा पीएसए खरोखर उतरायचा. पण तपासणीत तिच्यात स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारं औषध आणि रक्त पातळ करणारं औषध मिसळलेलं सापडलं. २००२ मध्ये तिची विक्री थांबली. म्हणून कोणी म्हणालं, ‘आमच्या पावडरीने रिपोर्ट सुधारला,’ तर लगेच भुलू नका. आत काय आहे हे लेबलवरून कळेलच असं नाही.

मग भाजीपाल्याने हा रोग थांबतो का? त्याचाही अभ्यास झाला. सौम्य कर्करोग असलेले आणि नुसतं लक्ष ठेवलेले ४७८ पुरुष घेतले. अर्ध्यांना फोनवरून मार्गदर्शन करून भरपूर भाज्या खायला लावल्या. दोन वर्षं त्यांनी खाल्ल्याही. २०२० मध्ये निष्कर्ष आला : रोग पुढे सरकण्यात दोन्ही गटांत फरक नाही. टोमॅटोबद्दलही खूप बोललं जातं. टोमॅटो जरूर खा, पण तो उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही.

याचा अर्थ जेवणाला किंमत नाही असा मुळीच नाही. जेवणाचं काम वेगळं आहे. इंजेक्शन रोगाला आवरतं, पण त्याने हाडं ठिसूळ होतात, स्नायू कमी होतात, पोटावर चरबी येते, साखर आणि हृदयाचा त्रास वाढू शकतो. हे नुकसान कमी करण्यात जेवणाचा हात आहे, आणि स्वयंपाकघर तर आपल्याच ताब्यात आहे.

आता नानांच्या ताटात रोज डाळ किंवा उसळ असते, जमेल तेव्हा अंडं किंवा मासळी, एक वाटी दही किंवा ताक. आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी किंवा आंबील. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पालेभाजी रोज, तळण आणि गोड कमी. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तेवढ्याच, जास्त नाहीत. संध्याकाळी ते मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातात. हाडात रोग असल्याने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तंबाखूची डबी मात्र सुटायला वेळ लागला.

हळदीचं सगळ्या विचारतात. भाजीत, दुधात चिमूटभर हळद चालते. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी. त्याने काहींच्या यकृताला इजा झालेली आहे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती असते. आणखी एक. या आजारात काहींना अॅबिराटेरॉनच्या गोळ्या देतात. त्यांतल्या नेहमीच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, कारण जेवणाबरोबर घेतल्या तर रक्तातलं औषध कित्येक पटींनी वाढतं. आपण मायेने म्हणतो, ‘दोन घास खाऊन गोळी घ्या.’ इथे ती माया अंगाशी येते. म्हणून प्रत्येक गोळी कधी आणि कशाबरोबर, ते विचारून पाकिटावर लिहून ठेवा.

पुढच्या मासिक बैठकीत मी हे सगळं गटापुढे सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. कारण त्याच दिवशी एका ताईने दिरासाठी अशाच डब्याकरता कर्ज मागितलं होतं. बायकांनी मिळून ठरवलं : पावडरीसाठी कर्ज मागितलं तर आधी तीन प्रश्न. डबा डॉक्टरांना दाखवला का? चालू औषध बंद करायला कोणी सांगितलंय का? हाच पैसा गाडीभाड्याला, तपासणीला, दूध-अंड्याला वापरला तर जास्त उपयोग होईल का? त्या ताईला आम्ही गाडीभाडं आणि तपासणीसाठी २,००० रुपये दिले. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

शेवटचं. पुरुषमाणसं या दुखण्याबद्दल बोलत नाहीत. पण रात्री दार वाजतं ते आपल्यालाच ऐकू येतं. किती वेळा वाजतं ते मोजा. लघवीत रक्त दिसलं, धार अडली, कंबर सतत दुखली तर वाट बघू नका, दवाखान्यात न्या.

उशिरा का होईना, नानांचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं आणि पीएसए उतरला. गेलेल्या सहा किलोंपैकी चार किलो वजन भरून आलंय. माझ्या कर्जाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत. पुढच्या इंजेक्शनची तारीख मी कॅलेंडरवर गटाच्या बैठकीच्या तारखेजवळच लाल पेनाने लिहून ठेवली आहे.