‘रिकामे’ या शब्दाची किंमत

११ मे १९९६ रोजी मायामीहून अटलांटाकडे निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान सुमारे दहा मिनिटांतच फ्लोरिडातील दलदलीत कोसळले आणि त्यातील ११० जण प्राणांस मुकले. सामानकक्षातील काही खोक्यांची नोंद ‘रिकामे’ अशी होती. वस्तुतः त्यांत प्राणवायू निर्माण करणारी, मुदत संपलेली परंतु न वापरलेली रासायनिक नळकांडी होती. ती सुरू झाली की प्रचंड उष्णता उत्पन्न होते. ती आपोआप सुरू होऊ नयेत म्हणून बसवावयाची क्षुल्लक किमतीची टोपणे बसविलीच गेली नव्हती.

त्या कक्षात धूर ओळखणारी वा आग विझविणारी यंत्रणा नव्हती. बंदिस्त जागेत हवेअभावी आग गुदमरेल, असा हिशेब होता. परंतु मालच प्राणवायू पुरवू लागल्यावर तो हिशेब कसा टिकावा? १९८८ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी विमानात रसायनांमुळे आग लागली, तेव्हाच तपास मंडळाने अशा यंत्रणेची शिफारस केली होती. खर्चाच्या मानाने लाभ अल्प, या सबबीवर नियामकांनी ती मानली नाही. १९९८ साली मात्र तिची सक्ती करावी लागली.

खर्च-लाभाचे गणित त्याज्य नव्हे. पण बचत एकाची आणि जोखीम दुसऱ्याची असेल, तर ते गणितच खोटे ठरते. आगीची चाहूल लागल्यावर त्या वैमानिकांच्या हाती चार मिनिटेही उरली नव्हती. अशा संकटाचा खरा प्रतिबंध आकाशात नव्हे, जमिनीवर, नोंद करणाऱ्या कारकुनाच्या लेखणीपाशी होतो.